लग्नाच्या ऑर्डरला रॉ की जेपेग?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लग्नात फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचं कच्चं मोजमाप ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढावे, की जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तिथेच तयार करून दिलेल्या फोटोत? २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा नवा घेतलाय, त्यात दोन कार्डं बसतात, येत्या हंगामात हळदी, लग्नं, रिसेप्शन अशा ऑर्डरी ठरल्यात. एक सीनियर म्हणतो, जेपेगवर काम करणं हे नवशिक्याचं लक्षण. दुसरा म्हणतो, रॉ लावलंस तर पावसाळा आला तरी फोटो देऊन होणार नाहीत. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा, आणि पार्टीला, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या घराला, थोडे फोटो त्याच रात्री हवे असतात.

दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर असतील. पण ही एकदा ठरवून वर्षभर पाळायची गोष्ट नाही. मी एकाच लग्नात दोन-तीनदा बदलतो. हळद रॉमध्ये, अक्षता पडतानाचा तास रॉमध्ये, स्टेजवर आहेर सुरू झाला की जेपेग. कसोटी एकच लावतो: इथला प्रकाश मी आधी पाहून, मोजून, पक्का करू शकतो का? करू शकत असेन तर रंगाचे आणि उजेडाचे निर्णय कॅमेऱ्याने तिथल्या तिथे घ्यायला माझी हरकत नसते. करू शकत नसेन तर ते निर्णय घरी बसून, मोठ्या स्क्रीनसमोर मी घेणार.

हे निर्णय कोणते, ते एकदा नीट बघून घ्या. सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावरचा, प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. रॉ फाइलमध्ये हे मोजमाप १२ किंवा १४ बिटांत जवळजवळ जसंच्या तसं ठेवलेलं असतं, सोबत व्हाइट बॅलन्सची (पांढरं पांढरं दिसावं म्हणून लावलेल्या रंगांच्या तोलाची) नोंद आणि मागच्या स्क्रीनवर दाखवायला एक तयार जेपेग. जेपेग लावलं की कॅमेरा पुढचं सगळं उरकून टाकतो. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढतो, व्हाइट बॅलन्सप्रमाणे लाल-निळ्याला गुणतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, नॉइज (फोटोतली दाणेदार खरखर) घासतो, कडा धारदार करतो, ८ बिटांत उतरवतो. मग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला कमी जाणवेल अशी बारीक माहिती टाकून देतो. रंगाची माहिती तर बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी रेझोल्यूशनला ठेवतो, कारण डोळा रंगाच्या बारकाव्याला तितका तिखट नसतो. १९९२ मध्ये ठरलेलं हे तंत्र इतकं टिकलं ते उगाच नाही; चांगल्या एक्स्पोजरचा (उजेड नेमका घेतलेला) चांगला जेपेग आणि रॉवरून काढलेला फोटो अल्बमच्या पानावर शेजारी ठेवले तर भले भले चकतात.

८ बिटांत २५६ पायऱ्या आणि १४ बिटांत १६,३८४, म्हणून रॉ कितीतरी पटींनी सरस, असं यूट्यूबवर सांगतात. आकडे खरे आहेत, तुलना फसवी आहे. रॉमधलं मोजमाप सरळ रेषेत असतं, म्हणजे उजेड दुप्पट तर आकडाही दुप्पट, त्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) निम्म्या पायऱ्या जातात, त्याखालच्याला उरलेल्यांच्या निम्म्या, आणि असंच खाली. जेपेगमधल्या २५६ पायऱ्या कर्व्ह लावून डोळ्याच्या सोयीने वाटलेल्या असतात. नुसतं बघायला त्या पुरतात. फोटो पुढे ओढायचा, ताणायचा झाला की पुरत नाहीत, आणि कॅमेऱ्याने जे २५५ च्या वर किंवा शून्याच्या खाली ढकललं ते तर परत येतच नाही.

आता हळद. आपल्याकडच्या लग्नात रॉची सगळ्यात जास्त गरज मला इथे लागते, आणि नेमकं इथेच लोक ‘घरगुती कार्यक्रम आहे, चालतंय’ म्हणून जेपेगवर काढतात.

दिवसाच्या उजेडात बऱ्याच कॅमेऱ्यांत लाल रंगाचे आकडे साधारण दुपटीने आणि निळे दीडपटीच्या आसपास वाढवले जातात, तेव्हा कुठे पांढरं पांढरं दिसतं. हळदीचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाहीच. सेन्सरने मोजलेला लाल मर्यादेत असतो, पण दुप्पट झाला की जेपेगमध्ये २५५ ला जाऊन टेकतो. निळ्याचं उलट. इतका गडद पिवळा एसआरजीबीच्या, म्हणजे जेपेगच्या नेहमीच्या रंगमर्यादेच्या, आवाक्यात बसत नाही. हिशोबात निळा शून्याच्याही खाली जातो आणि कॅमेरा तिथे शून्य लिहून मोकळा होतो. म्हणजे तीनपैकी दोन रंगांत चढउतारच उरला नाही. गालावरचा लेप, त्यात उमटलेली बोटांची रेघ, कपाळावर सुकून पडलेल्या भेगा, हे सगळं दाखवायचा भार एकट्या हिरव्यावर. त्यात कॅमेरा व्हिव्हिडवर (भडक रंगांच्या सेटिंगवर) असला तर तोही गेला. नवरीच्या चेहऱ्यावर पोस्टर कलरचा सपाट पट्टा मारल्यासारखा दिसतो, आणि फोटोशॉपमध्ये कितीही खेचलं तरी तो पट्टा फक्त राखाडी होतो, त्यात कातडी दिसत नाही.

वाईट म्हणजे मागच्या स्क्रीनवर हे कळतही नाही. नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती बिंदू आहेत त्याचा आलेख) उजेडाचा असतो आणि त्यात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त, म्हणून तो निवांत मधे बसलेला दिसतो. आरजीबीचे तीन वेगळे हिस्टोग्राम लावा. लाल उजव्या भिंतीला चिकटलेला लगेच दिसेल. आणखी एक: हिस्टोग्राम आणि लुकलुकणारे हायलाइट (जास्त उजळ झालेल्या जागांचा इशारा) हे दोन्ही रॉ लावलं असलं तरी जेपेगवरूनच काढलेले असतात. म्हणून रॉवर काम करतानाही पिक्चर प्रोफाइल (कॅमेऱ्याची रंगांची तयार सेटिंग) न्यूट्रल ठेवा, कॉन्ट्रास्ट आणि सॅचुरेशन (रंगाचा भडकपणा) खाली आणा. स्क्रीनवर फोटो मरगळलेला दिसेल, दिसू द्या. हिस्टोग्राम खरं बोलायला लागतो.

ऑटो व्हाइट बॅलन्सचं हळदीत आणखी वेगळंच चालतं. फ्रेमभर पिवळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ढकलतो. हळद फिकी, पांढरी साडी निळसर, चेहरा आजारी. पुढच्या फ्रेममध्ये पाहुण्यांचे रंगीत कपडे आले की परत बदलतो. रॉमध्ये हा प्रश्न उरतच नाही. गुणक नुसते लिहून ठेवलेले असतात, एका फोटोवर बरोबर आकडा ठरवायचा आणि सगळ्या मालिकेला चिकटवायचा.

घरी आल्यावर मी हळदीच्या फोटोंत आधी एक्स्पोजर थोडं उतरवतो, प्रोफाइल न्यूट्रल घेतो, मग पिवळा आणि नारिंगी यांचं सॅचुरेशन कमी करून त्यांचा उजेड थोडा खाली घेतो. लेपाचा पोत परत दिसू लागतो. जेजुरीला सोमवतीच्या भंडाऱ्यात फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे ऊन जास्त कडक आणि लेन्सची जास्त काळजी.

कार्ड संपलं, जेपेगवरच काढावं लागलं, असं झालं तर: व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये पक्का करा, उन्हात ५२००-५५०० च्या आसपास, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी, सॅचुरेशन दोन पायऱ्या खाली. रंग स्वतःहून कमी केलेला जेपेग नंतर वाढवता येतो, उलटं होत नाही. लाल शालूलाही हाच नियम.

लग्न लागतानाचं कारण थोडं निराळं. तिथे रंगापेक्षा उजेडाचा भरवसा नसतो. कार्यालयाचे पिवळे दिवे, मागच्या खिडकीतून दिवसाचा उजेड, त्यात व्हिडिओवाल्याचा एलईडी मधेच लागतो आणि मधेच बंद होतो. मंगलाष्टका संपून अंतरपाट बाजूला झाला की पुढचे काही सेकंद सगळे एकदम पुढे सरकतात, कोणाचा हात तुमच्या फ्लॅशसमोर येईल सांगता येत नाही. एखादी फ्रेम दीड स्टॉप अंधारी आली तर रॉमधून ती वर घेता येते. चांगल्या फुल फ्रेम (मोठ्या) सेन्सरचा उजेड-अंधार एकदम टिपायचा आवाका बेस आयएसओला, म्हणजे संवेदनशीलता मूळ पातळीवर ठेवली तर, १३-१४ स्टॉपपर्यंत जातो. पण आयएसओ वाढवला की हा आवाका दर स्टॉपला जवळपास एका स्टॉपने घटतो, हे लक्षात ठेवा. ६४०० वर काढलेला अंधारा रॉ वर ओढला की करडी वाळूच वर येते. तिथे रॉचा फायदा एवढाच, की नॉइज किती घासायचा ते तुम्ही ठरवता. कॅमेरा घासतो तेव्हा पैठणीची बारीक वीण आणि मुंडावळ्यांचे मोती सोबत घासले जातात.

रॉ सगळं वाचवतो असं समजून कॅमेरा सैल धरणारे खूप बघितलेत. फोकस चुकला, शटर कमी पडलं, एलईडीच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे आले, की रॉ आणि जेपेग सारखेच. जरीवर थेट फ्लॅश पडून रॉमध्येही तिन्ही रंग भरून वाहिले असतील तर तिथे परत आणायला काही नाही. डीजेच्या निळ्या पार लाइटखाली (रंगीत स्टेज दिव्याखाली) काढलेल्या फोटोत व्हाइट बॅलन्सचा स्लायडर कुठेही न्या, चेहऱ्याचा रंग येणार नाही, कारण त्या उजेडात लाल आणि हिरवा जवळजवळ नव्हतेच. असे फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा. नारिंगी कापडाच्या मांडवात एका बाजूने दिवसाचा उजेड येत असेल तर एका गालाचा व्हाइट बॅलन्स दुसऱ्याला चालत नाही. रॉमध्ये हे मास्क लावून (फोटोचा तेवढाच भाग निवडून) बरंच सुधारतं, पण दर फोटोला वेळ जातो. त्यापेक्षा नवरा-नवरीला दोन पावलं सरकवणं स्वस्त.

आता स्टेज. रिसेप्शनला दिवे ठरलेले, अंतर ठरलेलं, फ्लॅश छत्रीत किंवा छतावर बाउन्स, म्हणजे छतावरून परतवलेला. सुरुवातीला ग्रे कार्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर ठेवले, की पुढचे दोन-तीन तास पहिला आणि शेवटचा फोटो एकाच रंगाचा येतो. शंभर कुटुंबं येणार, प्रत्येकाचे दोन-तीन फोटो. त्यांतला प्रत्येक फोटो रॉमधून काढत बसण्याने पार्टीला काय जास्त मिळतं? काहीही नाही. इथे जेपेग फाइन, मोठी साइज, आणि काम संपलं. ज्याला इथेही रॉ लागतं त्याचं लायटिंग कच्चं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सीनियर रागावले तरी चालतील. अपवाद एकच: छत बुटकं आणि रंगीत असेल तर बाउन्सचा उजेड जागेप्रमाणे बदलतो, तिथे भीती वाटली तर रॉ ठेवा.

दोन्ही एकदम, म्हणजे रॉ अधिक जेपेग, याबद्दल लोक विचारतात. निर्णय टाळायचा म्हणून लावणार असाल तर नको. कार्ड दुप्पट वेगाने नाही तरी बरंच लवकर भरतं, बफर (कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) अडतो, आणि सिलेक्शनला प्रत्येक फोटोची जोडी समोर येते. पण तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं आहेत आणि पार्टीला रात्री थोडे फोटो हवेत, त्यासाठी ही सोय चोख आहे. पहिल्या कार्डावर रॉ, दुसऱ्यावर छोटा जेपेग. जेवणाच्या पंगती सुरू असताना दुसऱ्या कार्डावरचे आठ-दहा फोटो फोनवर घेऊन पाठवून द्या. बाकी, दुसऱ्या कार्डावर बॅकअप म्हणून छोटा जेपेग पडतोय याचा अर्थ रॉचा बॅकअप झाला असा नाही. मुहूर्ताच्या तासाला मी दोन्ही कार्डांवर रॉच टाकतो.

मेन्यूत रॉच्या खालीही पर्याय असतात, तिथे गडबड होते. अनकॉम्प्रेस्ड, लॉसलेस कॉम्प्रेस्ड, आणि नुसतं कॉम्प्रेस्ड. २४ मेगापिक्सेल गुणिले १४ बिट म्हणजे ४२ एमबी. तेच लॉसलेसमध्ये २५-३० एमबीत बसतं आणि एकही आकडा हरवत नाही. म्हणून लॉसलेस असेल तर तेच, अनकॉम्प्रेस्डचा विचारही नको. नुसत्या कॉम्प्रेस्डमध्ये थोडी माहिती जाते. कॅननचं सी-रॉ किंवा निकॉनचं हाय एफिशियन्सी लग्नाच्या कामाला मी बिनधास्त वापरेन. सोनीच्या जुन्या कॉम्प्रेस्ड रॉमध्ये मात्र काळ्यावरच्या झगझगीत कडांपाशी, म्हणजे ताऱ्यांच्या रेषा वगैरे काढताना, खडबड दिसायची. त्यावर इतकी ओरड झाली की २०१५ मध्ये ए७आर मार्क २ ला फर्मवेअरमधून (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून) अनकॉम्प्रेस्ड द्यावं लागलं. हेइफ हा १० बिटांचा प्रकार जेपेगपेक्षा सरस आहे, पण अल्बम डिझायनरकडे आणि लॅबकडे तो निमूट उघडेल याची खात्री नाही, तोवर लग्नात नको.

काही सेटिंग रॉलाही लागतात, याकडे लक्ष नसतं. निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग आणि कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी हे दोन्ही हायलाइट वाचवण्यासाठी मुळातच उजेड कमी घेतात, मग जेपेग करताना सावल्या वर उचलतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो रॉ अंधारा उघडतो आणि तुम्हाला वाटतं मीटर बिघडलं. रॉवर असताना दोन्ही बंद. जेपेगवर उन्हातल्या वरातीला मात्र चालू ठेवा, तिथे ती खरंच कामाची आहेत. एसआरजीबी की ॲडोबी आरजीबी याचा रॉवर काही परिणाम नाही. जेपेगला नेहमी एसआरजीबी.

पहिल्यांदा रॉ उघडाल तेव्हा आणखी एक धक्का बसेल. यादीत क्षणभर फोटो छान दिसतो आणि मग फिका पडतो. आधी दिसला तो आतला तयार जेपेग, नंतरचा तो सॉफ्टवेअरने स्वतःच्या पद्धतीने काढलेला. ॲडोबीच्या लाइटरूममध्ये प्रोफाइल बदलून कॅमेरा स्टँडर्ड किंवा कॅमेरा पोर्ट्रेट निवडलं की बराचसा तसाच रंग येतो. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजे निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, फुकट असतं आणि कॅमेऱ्यातली सेटिंग जशीच्या तशी वाचतं. हळू आहे, पण शिकायला उत्तम. फुकटात डार्कटेबल आणि रॉथेरपीही आहेत. बऱ्याच स्टुडिओंत अजून एकदाच विकत घेतलेलं लाइटरूम ६ चालतं, त्याला २०१७ नंतर आलेले कॅमेरे कळत नाहीत. तुमचाही नवा कॅमेरा उघडणार नाही. ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून (डीएनजी हा ॲडोबीचाच रॉचा प्रकार) फाइल काढून घ्या, काम होतं.

तुमच्या सीनियरची पावसाळ्यापर्यंतची भीती खरी ठरते ती सगळे रॉ उघडत बसणाऱ्यांच्या बाबतीत. आधी निवड, मग रॉ. निवड आतल्या जेपेगवर करायची. फास्टरॉव्ह्यूअर किंवा फोटो मेकॅनिक जुन्या लॅपटॉपवरही झपाझप पुढे सरकतात, लाइटरूममध्येही इम्पोर्ट करताना एम्बेडेड प्रीव्ह्यूचा, म्हणजे आतला जेपेगच दाखवायचा, पर्याय आहे. दीड हजार फ्रेम्समधून अल्बमला दोन-अडीचशे जातात. तेवढेच नीट करायचे, बाकीच्यांना एकच सेटिंग लावून रात्री एक्स्पोर्टला टाकायचं. जागेचा हिशोब असा: दीड हजार रॉ म्हणजे ४० जीबीच्या आसपास, जेपेग १५ जीबी. दोन प्रती ठेवायच्या तर याची दुप्पट.

करिझ्मा (फोटो पानांवरच छापलेल्या) अल्बमला शेवटी जेपेगच जातो, त्यामुळे डिझायनरला रॉ देऊ नका. पण जेपेग उघडून, बदलून, पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह करणं दर वेळी थोडं खातं. नुसती कॉपी करून काही बिघडत नाही, तो गैरसमज आहे. डिझायनरला सांगा, चालू काम पीएसडीत (फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलीत) ठेव, जेपेग एकदाच, शेवटी, उच्च क्वालिटीला. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तुमची सगळी मेहनत तिथे पुन्हा चेपली जाते.

पार्टी ‘सगळे रॉ पण द्या’ म्हणाली तर मी नम्रपणे नाही म्हणतो, आणि ते आधी ठरवतानाच लिहून घेतो. अर्धवट अंधारे, मरगळलेले फोटो तुमच्या नावाने फिरण्यात कुणाचं भलं नाही. शिवाय फोटो कोणाचा यावर वाद झाला तर रॉ हाच हाताशी असलेला पुरावा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारखी स्पर्धाही अंतिम फेरीतल्या फोटोंचे रॉ मागते. बातमीच्या कामात चक्र उलटं फिरतं: रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरांना कळवलं, की रॉवरून केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेला मूळ जेपेगच द्या. कारण वेग, आणि फोटोत ढवळाढवळ नको हे. तुम्ही एखाद्या वर्तमानपत्राला अधूनमधून फोटो देत असाल तर त्यांच्या फोटो एडिटरला आधी विचारा.

लॅपटॉप बदलायचा का, हाही प्रश्न होता. लगेच नको. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, रॅम वाढवायची जागा असेल तर १६ जीबी करा. चालू लग्न एसएसडीवर, अल्बम छापून आला की बाहेरच्या दोन डिस्कांवर, आणि त्यातली एक डिस्क स्टुडिओत न ठेवता घरी.